कोणास सांगू नको
(शास्त्रपाठ : मार्क १ : ४०–४५)

कुष्ठी मनुष्य गुडघे टेकून विनवू लागला, तेव्हा प्रभु येशूने त्यास स्पर्श करून शुद्ध केले, तपासणीसाठी याजकाकडे पाठविले, आणि कोणास काही न सांगण्याची सक्त ताकीद दिली. स्पर्शाविषयी आपण पुष्कळ उपदेश ऐकले. ताकिदीविषयी फार थोडे.

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी घ्या की दुसरे कोणतेही लहान गाव घ्या. कोण दवाखान्यात गेला, कोणत्या दाराशी बसला, हे दिवस मावळण्यापूर्वी पारावर पोहोचते. ह्याच धाकाने पुष्कळ जण एचआयव्हीची तपासणी टाळतात. खर्चाची सबब आता उरली नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकार ह्याचे औषध विनामूल्य देऊ लागले. आरंभी रक्तातील सीडी४ पेशी ठरावीक संख्येखाली उतरल्यावाचून ते सुरू होत नसे. रोग्यास खंगेपर्यंत थांबावे लागे. २०१७ साली तो दंडक गेला. आता लागण आढळताच उपचार मिळतो. रोज नेमाने गोळी घेऊन रक्तातील विषाणू मोजमापात येईनासा झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदारास लागण होत नाही. उपचाराविना बाधित मातांच्या १०० बालकांपैकी १५ ते ४५ बालकांस लागण होते. वेळीच उपचार झाल्यास ती संख्या ५ च्या खाली येते. इतके सर्व हाताशी असता एखादी गरोदर बहीण केवळ शेजारणीच्या भयाने घरी बसावी काय?

संमतीवाचून तपासणी करू नये व विश्वासाने कळलेली गोष्ट फोडू नये, असा २०१७ चा कायदा आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. तथापि ओट्यावरच्या कुजबुजीस कायदा कितीसा आवरणार? आणि आपल्या मंडळीतही, प्रार्थनेची विनंती म्हणून दुसऱ्याचे दुखणे नाव घेऊन सांगणारे आहेत. (हे लिहिताना माझीही मान खाली जाते.)

त्या कुष्ठ्याने ताकीद मोडली. स्वतःचीच गोष्ट त्याने आनंदाने गाजविली, तरी परिणाम असा झाला की प्रभूस उघडपणे नगरात जाता येईना. तो बाहेर अरण्यात राहिला. मग परक्याचे गुपित फोडल्याने कोण गावाबाहेर पडतो, हे पाहावे.

लवकरच ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. गोळी चालू असलेल्यांनी निघण्यापूर्वी आपल्या केंद्रात कळवावे. खंड पडल्यास विषाणू औषधास दाद देईनासा होतो. ज्यास तपासणीला एकट्याने जाण्याचे धैर्य नसेल, त्याने पाळकास सोबत न्यावे. पाळकानेही परत आल्यावर, कोणी विचारल्यास, एका बंधूबरोबर तालुक्यास गेलो होतो, एवढेच सांगावे.