उसनी शांती

औषधाने लाभलेली मनःशांती आपली म्हणावी, की उसनी? काळजीच्या विकारावर डॉक्टरांच्या सल्ल्याने मी रोज एस्सिटॅलोप्रामची गोळी घेतो, म्हणून हा प्रश्न मला पडतो. १९६३ साली अमेरिकेच्या बाजारात आलेल्या डायझेपामने थोड्याच वेळात जीव निवतो. पण पुष्कळांना झापड येते. माझी गोळी लागू पडायला काही आठवडे गेले. मात्र तिने मला गुंगी येत नाही. वर्गातले एखादे पोर चार दिवस आले नाही, तर काळजी आजही वाटते. पूर्वी ती मला रात्रभर जागवी. आता ती पोराच्या घरी जायला लावते. भय गोळीने ओसरले असेल. त्या दारापर्यंतची वाट मात्र मलाच चालावी लागते. म्हणून ही शांती मी उसनी मानीत नाही.