सत्तर मिनिटांच्या पुढे

‘चक दे! इंडिया’ मी पहिल्यांदा पाहिला तो 2007 च्या दिवाळीत, भाड्याने आणलेल्या सीडीवर. तिसगावातल्या आमच्या घरी टीव्हीपुढे दहा-पंधरा माणसं दाटीने बसली होती. शेवटचा पेनल्टी स्ट्रोक अडला तेव्हा आजीनेसुद्धा टाळ्या वाजवल्या. हॉकी कशाशी खातात हे तिला ठाऊक नव्हतं. त्यानंतर हा चित्रपट मी किती वेळा पाहिला, मोजलं नाही.

यंदा पुतणीबरोबर पुन्हा पाहिला. ती पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे पाचला पाथर्डी रस्त्याच्या कडेने धावते, मागून ट्रक आला की साइडपट्टीच्या खाली उतरते. शाळेत खो-खो खेळायची, खांबाजवळ सूर मारून कोपरं सोलून घ्यायची. चित्रपट संपल्यावर ती म्हणाली, “आत्या, यांना पगार किती होता गं?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

चित्रपट सुरू होतो महिला हॉकी संघाचा प्रशिक्षक कबीर खान याच्या बदनामीने आणि संपतो त्याच्या घरवापसीने. मुली मधल्या भागात आहेत. त्यातली महाराष्ट्राची बिंदिया नाईक ही कप्तानपदासाठी अडून बसलेली सीनियर. पूर्वी तिचा राग यायचा. आता वाटतं, इतकी वर्षं खेळून माझ्या पदरात काय पडलं, एवढंच ती विचारत होती.

चित्रपटाचं सांगणं सरळ आहे: आधी जिंका, मग मान मिळेल. 2002 साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या मुलींनी इंग्लंडला हरवून सुवर्णपदक आणलं, त्यावरूनच तर ही गोष्ट सुचली. पण मानाने चूल पेटत नाही, हे आमच्या तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पाथर्डी तालुक्यातून दर हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या बाईचा हिशोब अर्ध्या कोयत्याचा. जोडी लवकर जमली तर उचल लवकर मिळते, म्हणून दहावीच्या आतबाहेर लग्नं उरकली जातात. खो-खोच्या पाटीवर उकिडवी बसलेली मुलगी त्या नऊ जणींत पूर्ण एक असते. पाठीवर थाप आणि कानावर ‘खो’ पडला की सुटायचं, एवढंच. पुढच्या दिवाळीनंतर ती पाटीवर नसते, फडात असते. तिच्या बापाला मुलींच्या सन्मानावर भाषण ऐकवून काय उपयोग? खेळातून महिन्याला किती येतील, हे सांगता आलं तर तो थांबेल.

2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक अमोल मुझुमदारांना जो तो कबीर खान म्हणू लागला. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा काढूनही भारताची टोपी न मिळालेला माणूस, त्यामुळे मोह होणारच. मला मात्र त्याआधीची तीन वर्षं महत्त्वाची वाटतात. ऑक्टोबर 2022 मध्ये महिला-पुरुषांची सामना-फी सारखी झाली. मार्च 2023 मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली, आणि तिच्या आधीच्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला 3 कोटी 40 लाखांची बोली लागली. 2017 ला लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना नऊ धावांनी हरल्यापासून लोक सामने बघायला लागले होते, हे कबूल. पण विश्वचषक हाती आला तो पैशांची घडी बसल्यावर.

उलट उदाहरणं आपल्याच मातीतल्या खेळांची. कबड्डीच्या मुलींनी 2012 चा विश्वचषक पाटण्यात जिंकला. 2016 साली प्रो कबड्डीच्या जोडीने महिलांची स्पर्धा भरली, तीन संघांची. अंतिम सामना एका गुणाने सुटला, चुरस यापेक्षा जास्त काय असते? आयोजकांनी ती पुन्हा भरवली नाही. पुरुषांची लीग चालू राहिली. खो-खोची व्यावसायिक लीग 2022 मध्ये पुण्यात सुरू झाली तीही पुरुषांसाठी. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो मुलींनीही जिंकला आणि तोही नेपाळला 78-40 असं लोळवून. कप्तान होती शेजारच्या बीड जिल्ह्यातली प्रियांका इंगळे. जिंकण्यात कसूर कुठे राहिली, दाखवा.

चित्रपट मला अजून आवडतो. अंतिम सामन्याआधीचं, खेळाच्या सत्तर मिनिटांवरचं कबीर खानचं भाषण आलं की अंगावर काटा येतोच. पण एकाहत्तराव्या मिनिटाला संघातली मुलगी कुठल्या नोकरीवर परत जाते, हे दाखवणारा चित्रपट मला आता पाहायचा आहे.

पुतणीकडे खो-खोचं जिल्हा पातळीचं प्रमाणपत्र आहे. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाला ते पुरत नाही. म्हणून ती सूर मारायचं सोडून चार किलोचा गोळा फेकते. पोलीस भरतीत आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळा, मिळून पन्नास गुण.