भूल दिलेल्या उंदराची बाजू

परतवाडा-धारणी रस्त्यावर सेमाडोहला माझे मामा राहतात. मेळघाटात जनावरांचे डॉक्टर म्हणून त्यांची सारी नोकरी झाली. हाडावरच्या पातळ आवरणात रक्त कसं वाहतं, हा माझ्या अभ्यासाचा विषय. जेवणं झाल्यावर त्यांनीच तो काढला.

मामा : मेलेल्या उंदरात पाह्य ना.

मी : मेल्यावर रचना दिसते मामा, प्रवाह नाही. उंदराला भूल देऊन नडगीवरची कातडी उघडायची आणि सूक्ष्मदर्शक लावायचा. केसाहून बारीक वाहिन्यांतून रक्तपेशी एकामागे एक सरकताना दिसतात. शुद्धीवर यायच्या आतच त्याला संपवतात.

मामा : नडगीले लाकूड लागलं त मानूस कळवळते. त्याच आवरणात मज्जातंतू ठासून भरले हायेत. जिथं सगळ्यात जास्त दुखते, तेच उघडं करता तुम्ही.

मी : म्हणूनच भूल. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही तेच सांगितलंय.

मामा : भुलीनं दुखणं जाते. होकार येते का?

मी : गोऱ्हा खच्ची करताना तुम्ही कुठे त्याचा होकार घेतलात?

मामा : नाई घेतला. पण तो जगला. त्याचं हाड मोडलं त मी त्याच्यासाठीच बसवलं. तुया उंदराचं हाड तू त्याच्यासाठी पाहून राह्यली का?

मी : नाही, माणसासाठी. नडगी मोडली की हाडाच्या आतल्या रक्तवाहिन्या तुटतात. मग बाहेरून, या आवरणातून आणि भोवतालच्या मांसातून येणाऱ्या रक्तावर हाड जुळतं. मोडलेलं हाड धरून ठेवणाऱ्या पूर्वीच्या धातूच्या पट्ट्या हाडावर घट्ट दाबून बसायच्या. त्यांच्याखाली रक्त पोचत नाही, हे प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून दाखवलं गेलं. पुढे हाडाला कमी टेकणाऱ्या पट्ट्या आल्या.

मामा : मानलं. पण भुलीच्या औषधानं रक्तदाब उतरते ना?

मी : उतरतो. वाहिन्याही सैलावतात.

मामा : मंग तू मोजते ते जाग्या उंदराचं रक्त नाईच. दया केली त खरं हातून जाते, अन् खरं पाह्यचं त दया सोडा लागते.

मी : आवरण सोललेल्या आणि न सोललेल्या, अशा दोन्ही गटांतल्या उंदरांना सारखीच भूल दिली की फरक खरा मिळतो.

मामा : फरक मिळते. अन् त्या फरकासाठी आनखी उंदरं लागतात.

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. शस्त्रक्रियेच्या वेळी माणसाच्या हाडावर लेसर लावूनही रक्ताचा वेग मोजता येतो, असं मी सांगितलं.

मामा : मंग तिथंच मोज.

मी : पण माणसाचं आवरण मुद्दाम अर्धं सोलून पाहता येत नाही.

मामा : उंदराचं येते. काहून येते, तेच मी मघापासून विचारून राह्यलो.

मी दुसरीकडे वळले. इथला पोरगा मोटारसायकलवरून पडला, नडगी बाहेर आली, तर त्याला काय सांगायचं?

मामा : त्याले पह्यले गाडी पाह्यजे. घाट उतरून परतवाडा, मंग अमरावती. आवरणातल्या रक्ताची गोष्ट त्याच्यानंतर.

गाडी हवीच. पण अमरावतीला पोचल्यावर जो सर्जन ते आवरण न फाडता पट्टी बसवतो, त्याचं ज्ञान कुणाच्या तरी उघड्या नडगीतून आलेलं आहे, आणि अशी नडगी माझ्या मते पुढेही लागणार आहे. मी प्रयोग करणार. 'उंदराचं काहून येते' याचं उत्तर मात्र मला अजून देता आलेलं नाही. तो हलका जीव आहे, असं म्हणून मी ते टाळणार नाही. जो प्रश्न आधी कुठे सुटलेला आहे, त्यासाठी एकही उंदीर घेणार नाही, आणि प्रयोग फसला तर तेही छापायला देईन, म्हणजे दुसऱ्या कुणाला तेच करावं लागणार नाही.

प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत एक नैतिक समिती असावी लागते, आणि तिच्यात शास्त्रज्ञ नसलेला, समाजाची जाण असलेला एक सदस्य असावा लागतो. तुम्हाला बोलावणं आलं तर जा. नुसती सही करून उठू नका. मामांचा प्रश्न तिथे विचारा.