निकाहचे छायाचित्र : साक्ष की प्रदर्शन?

आमच्या घरातील जुन्या पेटीत एक पिवळे पडलेले पाकीट आहे. त्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या निकाहची छायाचित्रे आहेत. वर्ष १९८८. गाव कोकणातले, खाडीकाठचे. अब्बा त्या वेळी कुवेतमध्ये नोकरीस होते व त्यांना रजा मिळाली नव्हती. आपल्या जागी धाकट्या भावाने उभे राहावे, असे त्यांनी पत्राने कळविले होते. अम्मीने तालुक्याच्या गावाहून एक छायाचित्रकार बोलावला. त्याच्याजवळ ३६ फोटोंचा एकच रोल होता. एका वडीलधाऱ्यांनी नापसंती दर्शविली, तेव्हा अम्मी एवढेच म्हणाली, "मुलीच्या बापाला मग काय दाखवू?"

ते पाकीट गावातल्याच एका माणसाबरोबर कुवेतला गेले. पुढे ऑगस्ट १९९० मध्ये इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले. हजारो भारतीयांप्रमाणे अब्बाही सारे काही मागे टाकून अम्मानमार्गे विमानाने मुंबईस परतले. त्यांच्या हातात एक लहानशी पिशवी होती, आणि तिच्यात कागदपत्रांसोबत ते पाकीट होते.

मागील वर्षी त्याच बहिणीच्या मुलीचा निकाह ठरला. दोन्ही घरची मंडळी बसली असता वरपक्षातील एका नातेवाइकाने छायाचित्रणाचे दरपत्रक पुढे ठेवले. निकाहपूर्वी समुद्रकिनारी दोघांचे चित्रीकरण, निकाहच्या दिवशी चार कॅमेरे, आकाशातून ड्रोन, आणि शेवटी गाण्यांवर बसविलेली चित्रफीत. रक्कम मेहरच्या रकमेहून अधिक होती. कोणती 'स्टाईल' जोडीला शोभेल यावर बराच वेळ चर्चा झाली. संध्याकाळी भाची माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मामू, सगळ्यांनी सगळं विचारलं. माझा चेहरा कुणाकुणाच्या फोनमध्ये जाणार, हे मात्र मला कुणी विचारलं नाही."

तिचा हा प्रश्न हाच या लेखाचा विषय आहे. निकाहच्या छायाचित्रणाची निवड ही वरकरणी आवडीनिवडीची बाब वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे नियत, हया, खर्च आणि दुसऱ्याचा हक्क असे चार गंभीर प्रश्न उभे असतात.

प्रथम एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. सजीवांच्या चित्राविषयी हदीसमध्ये कठोर इशारे आले आहेत, आणि कॅमेऱ्याचे चित्र त्यात मोडते की नाही याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात असे मत मांडले की, कॅमेरा नवी आकृती घडवीत नाही. अल्लाहने निर्मिलेल्या आकृतीची छाया तो केवळ रोखून धरतो. आपल्या उपखंडात मुफ्ती मुहम्मद शफी यांनी याच्या उलट, साधन बदलल्याने हुकूम बदलत नाही, अशी भूमिका घेतली. दुसरीकडे मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या १९१२ साली कलकत्त्याहून निघालेल्या 'अल-हिलाल'मध्ये छायाचित्रे छापली जात. हजच्या अर्जासाठी व पासपोर्टसाठी छायाचित्र द्यावे लागते, तेथे गरज म्हणून ते सर्वांनीच स्वीकारले आहे.

या मतभेदाचा निकाल देणे हे माझे काम नव्हे; ज्याने त्याने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे. परंतु यातून एक कर्तव्य निश्चित निघते. ज्या घराने किंवा ज्या मुलीने छायाचित्र वर्ज्य मानले आहे, तिला 'मागासलेली' म्हणून हिणविण्याचा अधिकार कुणालाही नाही. आणि जे छायाचित्राला मुभा आहे असे मानतात, त्यांनी मुभा मिळाली म्हणजे मर्यादा संपली, असेही समजू नये. पाण्याला परवानगी आहे; तरी वुजू करताना पाणी वाया घालवू नये, अशीच आपल्याला शिकवण आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इस्लामने निकाह लपविण्यास सांगितलेले नाही. साक्षीदारांची अट आहे, निकाह जाहीर करण्याची ताकीद आहे, वलीम्याचा आग्रह आहे. अमुक स्त्री व अमुक पुरुष आता पती-पत्नी झाले, ही वार्ता समाजाला कळली पाहिजे, कारण तिच्यावर वंश, वारसा आणि अब्रू अवलंबून असते. परंतु वार्ता जाहीर करणे वेगळे आणि व्यक्ती जाहीर करणे वेगळे. ए'लान हा निकाहचा असतो. नुमाइश वधूची होते. साक्षीदार 'हे घडले' असे सांगतो. प्रदर्शनाला 'आमच्याकडे पाहा' असे म्हणायचे असते. एकच कॅमेरा ही दोन्ही कामे करू शकतो, म्हणूनच त्याच्यामागे उभ्या असलेल्या नियतीची तपासणी आवश्यक ठरते. कर्मांचे मोल नियतीवर ठरते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

या कसोटीवर प्रचलित पद्धती तपासून पाहाव्यात.

निकाहपूर्वीच्या चित्रीकरणाबद्दल फारसा संदेह राहू नये. विवाहाचा विचार करणाऱ्याने मुलीला पाहून घ्यावे, असे प्रेषित (स.) यांनी हजरत मुगीरा बिन शोबा (रजि.) यांना सांगितले होते, म्हणजे पाहण्यास मज्जाव नाही. पण निकाह होईपर्यंत ती दोघे एकमेकांना परकीच असतात. ज्या जवळिकीला अद्याप परवानगी मिळालेली नाही, तिचा अभिनय कॅमेऱ्यासमोर करावयाचा आणि तो मंडपातील पडद्यावर आई-वडिलांना दाखवायचा, यात शोभा कोणती?

मांडून-सजवून काढलेल्या छायाचित्रांत दुसरा धोका आहे. एका निकाहमध्ये मी पाहिले की वकील व दोन गवाह वधूची संमती घेण्यास आत गेले, त्यांच्यामागून कॅमेरावालाही गेला. मुलीने खालच्या आवाजात होकार दिला. तो म्हणाला, "परत एकदा म्हणा, अँगल नीट आला नाही." आणि साऱ्यांनी तो प्रसंग हसत हसत पुन्हा वठविला. निकाह, तलाक आणि रुजू या तीन बाबी थट्टेतही गंभीरच धरल्या जातात, असे हदीसमध्ये आले आहे. ज्या शब्दाने दोन आयुष्ये बांधली जातात, तो चित्रासाठी पुन्हा वदविण्याचा शब्द नव्हे. त्या क्षणी कॅमेऱ्याने थांबावे. कॅमेऱ्यासाठी त्या क्षणाने थांबू नये.

मग नकळत टिपलेली, 'कँडिड' म्हटली जाणारी छायाचित्रे चांगली का? त्यांत अभिनय नसतो, हे खरे. परंतु नकळत टिपणे म्हणजे परवानगीवाचून टिपणे. स्त्रियांच्या दालनात बेसावधपणे हसणारी, ओढणी बाजूला ठेवून लेकराला पाजणारी पाहुणी त्या चित्रात सापडते, तेव्हा तिचा हक्क मारला जातो. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या खाजगी गोष्टी शोधण्यास मनाई आहे. सूरह नूरमध्ये दृष्टी झुकविण्याची आज्ञा प्रथम पुरुषांना आणि नंतर स्त्रियांना दिली आहे. ही आज्ञा ज्या डोळ्याला आहे, तो डोळा भिंगामागे गेला म्हणून तिच्यातून सुटत नाही.

खर्चाचे काय? निकाह जितका हलका तितकी त्यात बरकत अधिक, असा आपला वारसा आहे. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्या वस्त्रावर पिवळ्या सुगंधाचा डाग पाहून प्रेषितांनी विचारणा केली, तेव्हा त्यांचा निकाह झाल्याचे त्यांना कळले. अल्लाहचे प्रेषित त्याच शहरात असूनही निमंत्रणाचा गाजावाजा झाला नव्हता, आणि प्रेषितांनी त्याबद्दल नाराजी व्यक्त केली नाही. त्यांनी बरकतीची दुआ दिली व एका बकरीचा का होईना, वलीमा करण्यास सांगितले. आमच्याकडे मात्र मेहर उधार राहतो आणि कॅमेरेवाल्याला आगाऊ रोख मिळते. वधूचा हक्क मागे ठेवून वधूचे चित्र सजविणे हा कोणता न्याय?

येथवर वाचून काही वाचक म्हणतील की, मग छायाचित्र नकोच. परंतु त्या पिवळ्या पाकिटाचे काय करावे? माझ्या भावी जावयाचीही एक अडचण होती. त्याचा सख्खा भाऊ दोह्याला नोकरीस, आणि त्याची दादी अंथरुणाला खिळलेली. त्याला समुद्रकिनाऱ्याची हौस नव्हती. या दोघांना निकाह पाहता यावा, इतकेच त्याला हवे होते. एकीकडे भाचीचा संकोच, दुसरीकडे त्याची माया. दोन्ही भावना निर्मळ. अशा वेळी कुणाचे ऐकावे?

प्रथम मला वाटले, नकार देणाऱ्याचेच ऐकावे. कारण पसरलेले चित्र परत घेता येत नाही. मग ध्यानात आले की, निसटलेला क्षणही परत आणता येत नाही. दादी किती दिवसांची सोबती, कोण जाणे. म्हणजे नुकसान दोन्हीकडे न भरून येणारे आहे. तरीही त्यांत एक भेद आहे. चित्र न निघाल्यास ज्याची इच्छा होती त्याचीच इच्छा अपुरी राहते. चित्र पसरल्यास ज्याची इच्छा नव्हती त्याच्या अब्रूची किंमत मोजली जाते. आपल्या इच्छेची किंमत आपण सोसणे हा सब्र आहे. ती दुसऱ्याला सोसावयास लावणे हा जुलूम आहे. म्हणून अंतिम शब्द ज्याचा चेहरा आहे त्याचा. आणि त्याने तो शब्द उच्चारताना दुसऱ्याच्या मायेचाही विचार करावा, हे त्याचे औदार्य.

भाचीने ते औदार्य दाखविले. ठरले असे : मशिदीत खुतबा व ईजाब-कबूल चालू असताना कॅमेरा बंद. निकाहनाम्यावर सह्या होताना पुरुषांकडील थोडी छायाचित्रे. स्त्रियांच्या दालनात स्त्री छायाचित्रकार, आणि तीही पाहुण्यांना विचारून. वधूची निवडक छायाचित्रे केवळ कागदावर छापलेली. मूळ कार्ड त्याच रात्री वधूच्या हाती. एक संच दादीसाठी, एक दोह्याला. जो पैसा वाचला तो मेहरमध्ये मिळवून मेहर तेथल्या तेथे अदा झाला.

सारे काही सुरळीत पार पडले असे मात्र नाही. एका नातेवाईक मुलीने हौसेने भाचीचे चित्र आपल्या फोनवर काढून स्टेटसला ठेवले. नवऱ्या मुलाला हे कळताच तो दावतीतून उठला, बहिणीमार्फत तिला निरोप धाडला, आणि ते चित्र काढले गेले. पण तोवर ते अनेकांनी पाहिले होते. भाची थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मामू, फोटो गेला तो गेला. पण माझ्यासाठी कोण उठलं, ते मी पाहिलं."

पवित्र कुरआनने पती-पत्नीला एकमेकांचा पोशाख म्हटले आहे. पोशाख झाकतो, जपतो आणि शोभवितो. जोडीला शोभणारे छायाचित्रण कोणते, याचे उत्तर मला या उपमेतच सापडते. ज्यात दोघांपैकी कुणीही उघडे पडत नाही, ते शोभते. ज्यासाठी त्यांना आपण नसलेले कुणी व्हावे लागत नाही, ते शोभते. ज्याच्यामुळे घर कर्जात जात नाही, आणि चाळीस वर्षांनी नातवंडांसमोर पाकीट उघडताना डोळे खाली जात नाहीत, ते शोभते.

अब्बांच्या त्या ३६ छायाचित्रांपैकी पाच-सहा धूसर आहेत. एकात तर केवळ मंडपाचा खांब आला आहे. अब्बांनी तेही फेकले नाही. शेवटी आपल्या सर्वांचीच एक नोंद लिहिली जात आहे. ती लिहिणारे फरिश्ते कोन बदलून पुन्हा संधी देत नाहीत. त्या नोंदीत आपला निकाह कसा दिसेल, याची फिकीर ज्या घरात असेल, त्या घराला छायाचित्रकाराची निवड करणे फारसे कठीण जाणार नाही.

अल्लाह आपल्या मुला-मुलींच्या संसारांत प्रेम व दया नांदवो, आणि आम्हां सर्वांना दिखाव्यापासून दूर ठेवो. आमीन.