कुंपणी सरकार

ब्रॅम्प्टनमधल्या एका घरच्या गणपतीत, आरती झाल्यावर, मोदकाची ताटली हातात धरून एका तरुण इंजिनियरने मला ऐकवलं, "काका, सरकार बंदुकीच्या धाकावर कर घेतं. कंपनी नुसतं बिल पाठवते. नको असेल तर सोडा." शेजारच्या काकूंचं मत नेमकं उलटं: कंपन्या लुटारू, त्यांना वेसण घालणारं सरकार तेवढं आपलं. मला पेशवाई बुडाल्यानंतरच्या कागदांमधला शब्द आठवला, 'कुंपणी सरकार', म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य. एकच जोडशब्द, त्यात 'आणि' नाही, 'विरुद्ध' तर नाहीच.

"सोडा" म्हणणं सोपं. ८ जुलै २०२२ला रॉजर्स या दूरसंचार कंपनीचं जाळं बसलं तेव्हा कॅनडाभर डेबिट कार्डं चालेनात, काहींना ९११ लागेना. ज्यांनी रॉजर्सशी कधी करार केला नव्हता, तेही दुकानात खिसे चाचपत उभे. त्याच वर्षी फेब्रुवारीत ट्रूडो सरकारने आणीबाणीचा कायदा लावला आणि ट्रकवाल्यांच्या आंदोलनाशी संबंधित खाती गोठली, कोर्टाच्या हुकुमाशिवाय. आदेश सरकारचा, पण खाती गोठवली बँकांनी. यातली बंदूक कोणती आणि बिल कोणतं, ते इंजिनियरने सांगावं.

जुना इतिहास वाचकांना ठाऊक आहे. १६७०मध्ये दुसऱ्या चार्ल्सने हडसन्स बे कंपनीला सनद दिली आणि आजच्या कॅनडाचा साधारण तिसरा हिस्सा, कायदे करण्याच्या अधिकारासकट, फरच्या व्यापाऱ्यांच्या ओटीत घातला. व्यापारी राज्य करू लागला की काय होतं हे ॲडम स्मिथने १७७६मध्येच सांगून ठेवलं. पुढे १८५८मध्ये आपली कुंपणी गेली, राणी आली.

माझं भांडण आहे हडसन्स बे कंपनीचा मुलूख कॅनडाकडे गेला त्या १८६९-७०च्या हस्तांतरणाशी. पाठ्यपुस्तकी थाटात ते 'कंपनीची राजवट संपून देशाची सुरू झाली' असं सांगितलं जातं. करार बघा. कंपनीला ३ लाख पौंड मिळाले, ठाण्यांभोवतीची जमीन तिच्याकडेच राहिली, वर सुपीक पट्ट्यातला विसावा हिस्सा. राज्यकर्ती गेली आणि जमीनदारीण होऊन बसली. तिथे राहणाऱ्यांना, म्हणजे आदिवासींना आणि मेटी (आदिवासी-युरोपीय मिश्र वंशाच्या) लोकांना, कोणी विचारलंसुद्धा नाही. सातबारा त्यांच्या नावावर नव्हता ना!

११ ऑक्टोबर १८६९. रेड रिव्हरकाठी मेटींच्या जमिनी नदीपासून आत जाणाऱ्या लांबट, अरुंद पट्ट्यांच्या. प्रत्येकाला पाणी मिळावं म्हणून. ओटावाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, मोजणीदारांना आखायचे होते चौरस. व्यवहार अजून पुरा व्हायचा होता, कागदोपत्री मुलूख कंपनीचाच होता, तरी मोजणी सुरू. आंद्रे नो याच्या गवताच्या रानात मोजणीची साखळी ताणली गेली तेव्हा मेटींचा पुढारी लुई रिएल पुढे आला आणि त्याने तिच्यावर पाय ठेवला. सोबतच्यांकडे शस्त्रं नव्हती. मोजणी थांबली.

त्यानंतरचं मला सगळ्यात बोलकं वाटतं. पंतप्रधान मॅकडॉनल्डने ताबाच घ्यायला नकार दिला: आधी मुलूख शांत करून द्या, मग पैसे. जणू भाडेकरू काढून दिल्याशिवाय सदनिका घेणार नाही म्हणणारं गिऱ्हाईक! कित्येक महिने तिथे ना कंपनीची सत्ता चालली, ना सरकारची. त्याच पोकळीत रिएलच्या हंगामी सरकारने वाटाघाटी केल्या आणि १८७०मध्ये मॅनिटोबा प्रांत पदरात पाडून घेतला. मेटींना कबूल केलेल्या जमिनींची पुढे दैना झाली, ती वेगळी कहाणी.

आता काकूंसाठी. अकराच वर्षांनी, १८८१मध्ये, याच मॅकडॉनल्डने कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेला २.५ कोटी डॉलर आणि २.५ कोटी एकर जमीन दिली. शिवाय करारात पंधरावं कलम: २० वर्षं तिच्या मार्गाच्या दक्षिणेला, अमेरिकेकडे जाणारा प्रतिस्पर्धी लोहमार्ग नको. गव्हाच्या वाहतुकीचे चढे दर पाहून मॅनिटोबाच्या विधानसभेने स्वतःच्या रेल्वेचे कायदे केले, ओटावाने ते एकामागून एक रद्द केले. कुंपणच शेत खातं, आणि शेताच्या मालकाने कुंपण हलवू म्हटलं तर वरून मनाई! १८८५मध्ये रिएलचा दुसरा उठाव मोडायला सैन्य गेलं तेही याच अर्धवट लोहमार्गावरून. दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरच्या कंपनीला लगेच नवी सरकारी मदत मिळाली, आणि नोव्हेंबरात रिएल फासावर गेला.

१८८८मध्ये कंपनीने ते कलम सोडलं, तेही फुकट नाही. दीड कोटी डॉलरच्या तिच्या रोख्यांवरच्या व्याजाची हमी ओटावाने घेतली.