संथ गाण्यांच्या पलीकडची इव्हा

इव्हा कॅसिडी या अमेरिकन गायिकेचं नाव निघालं की लोक दोन गोष्टी हमखास सांगतात. ती तेहतिसाव्या वर्षी कॅन्सरनं गेली, आणि तिचं 'ओव्हर द रेनबो' ऐकताना डोळ्यांत पाणी येतं. दोन्ही खरं आहे. पण तिच्या हयातीत निघालेला, फक्त तिच्या नावावरचा एकच अल्बम आहे, 'लाइव्ह ॲट ब्लूज ॲली', आणि त्यात 'ओव्हर द रेनबो' नाही. अल्बम सुरू होतो तो 'चीक टू चीक'नं. आयर्विंग बर्लिननं १९३५ मध्ये फ्रेड ॲस्टेअरच्या 'टॉप हॅट' या चित्रपटासाठी केलेलं हे नाचाचं गाणं. इव्हाच्या गाण्यातही ड्रम, बास, पियानो आणि इलेक्ट्रिक गिटार अशी मंडळी मजेत झुलतायत आणि गायिका त्यांच्यावर स्वार झाली आहे. डोळ्यांत पाणी आणणारं त्यात काही नाही.

मरणानंतर मिळालेल्या कीर्तीनं या गायिकेचा अर्धा भाग पुसून टाकला, असं मला वाटतं. पुसला गेलेला अर्धा भाग याच ध्वनिमुद्रणात शाबूत आहे.

ब्लूज ॲली हा वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउन भागातला जॅझ क्लब. हमरस्त्यावर नाही, नावाप्रमाणेच मागच्या बोळात; अठराव्या शतकातल्या एका विटांच्या बग्गीखान्यात १९६५ पासून चालत आलेला. बसायला सव्वाशेच्या आसपास जागा. समोर टेबलं, टेबलांवर जेवणाच्या बश्या, आणि गाणारा पहिल्या रांगेपासून हाताच्या अंतरावर. ट्रंपेटवादक विंटन मार्सालिसनं आपला एक लाइव्ह अल्बम इथंच केला होता. अशा ठिकाणी २ आणि ३ जानेवारी १९९६ या दोन रात्री इव्हाचं गाणं मुद्रित करायचं ठरलं. पहिल्या रात्रीच्या मुद्रणात तांत्रिक बिघाड निघाला. ते वापरता येणार नव्हतं. उरली दुसरी रात्र. इव्हाला सर्दी झाली होती. त्या रात्री तिनं ३१ गाणी म्हटली आणि त्यांतली १२ अल्बमवर आली. तिला स्वतःला आपला आवाज आवडला नव्हता. प्रकाशनाला ती नाखुशीनंच तयार झाली, तेही एका अटीवर: स्टुडिओत केलेलं पीट सीगरचं 'गोल्डन थ्रेड' हे आपलं आवडतं गाणं अखेरीस जोडायचं. लाइव्ह अल्बमच्या शेवटी स्टुडिओतलं गाणं का, याचं उत्तर एवढंच.

लाइव्ह अल्बम म्हणजे निखळ सत्य, असं मी म्हणत नाही. हा प्रकार तसा लबाडच. कॅननबॉल ॲडर्लीचा 'मर्सी, मर्सी, मर्सी!' हा गाजलेला अल्बम शिकागोच्या क्लबमधला म्हणून विकला गेला. प्रत्यक्षात तो हॉलिवूडच्या स्टुडिओत पाहुणे बोलावून, त्यांना खाऊपिऊ घालून केला होता. मागाहून स्टुडिओत बसून सूर दुरुस्त केलेले 'लाइव्ह' अल्बम रॉक संगीतात पैशाला पासरी मिळतील. ब्लूज ॲलीच्या त्या रात्रीचं वेगळेपण तिच्या सच्चेपणापेक्षाही सक्तीत आहे. ही मुलगी स्वतःवर कधीच खूश नसायची, लोकांसमोर उभं राहायला संकोचायची. स्टुडिओ म्हणजे अशा माणसाचं आवडतं लपण्याचं ठिकाण, कारण तिथं 'पुन्हा एकदा घेऊ या' म्हणता येतं. तिचा बासवादक आणि ध्वनिमुद्रक ख्रिस बिऑन्डो याचा स्टुडिओ हाताशी असताना तिला असं वर्षानुवर्षं म्हणता आलंही असतं. एक रात्र बाद झाल्यावर मात्र तिला दुसरीच्या मागं उभं राहावं लागलं.

ती आली कुठून? जन्म १९६३ चा, वॉशिंग्टनचा. वाढली शेजारच्या मेरिलँडमध्ये. गिटार शिकवली वडिलांनी, ह्यू कॅसिडींनी. ते शिक्षक होते, शिल्पकार होते, वाजवायचेही. पोटासाठी इव्हा रोपवाटिकेत काम करायची. गाणं म्हणजे इतरांच्या ध्वनिमुद्रणांत मागचा आवाज देणं आणि रात्री बारमध्ये गाणं. बिऑन्डोच्या स्टुडिओत तिचा आवाज चक ब्राउनच्या कानावर पडला. चक ब्राउन म्हणजे वॉशिंग्टनच्या 'गो-गो' या नाचऱ्या, ढोलताशी संगीताचा जनकच म्हणायचा. वयानं तिच्या वडिलांएवढा, तरुणपणी तुरुंगवास भोगून आलेला कृष्णवर्णीय गायक. या दोघांनी मिळून १९९२ मध्ये जुन्या जॅझ आणि ब्लूज गाण्यांचा 'दि अदर साइड' हा अल्बम केला. 'ओव्हर द रेनबो' मुळात त्या अल्बमवरचं. ही लाजरी गोरी मुलगी त्या खर्जातल्या खरखरीत आवाजाशेजारी उभी राहिली आणि तिच्यातली संकोची माणूस गाण्यापुरती तरी बाजूला झाली. ब्लूज ॲलीतलं 'स्टॉर्मी मंडे' ऐकताना ती शिकवणी जाणवते.

मोठ्या कंपन्यांचं लक्ष तिच्याकडं गेलंच नाही, असं नाही. ब्लू नोटसारख्या मातबर जॅझ कंपनीपर्यंत तिचं नाव पोचलं होतं. अडचण आवाजाची कधीच नव्हती. ही बाई लोकगीत म्हणते, गॉस्पेल म्हणते, ब्लूज म्हणते, बर्लिनची वीस-तीसच्या दशकांतली गाणी म्हणते, स्टिंगचं कालपरवाचं गाणंही म्हणते. हिला दुकानात कोणत्या फळीवर ठेवायचं? एक काहीतरी निवड, असा तो आग्रह होता. तिनं निवडलं नाही. ब्लूज ॲलीचा क्रम पाहिला तर त्यात जवळजवळ हट्ट दिसतो. झुलत्या 'चीक टू चीक'नंतर टी-बोन वॉकरचा ब्लूज, मग पॉल सायमनचं 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर', लगेच बिली हॉलिडेचं 'फाइन अँड मेलो', त्यावर कर्टिस मेफिल्डचं 'पीपल गेट रेडी', आणि पुन्हा बर्लिन.

मराठी कानाला यात वावगं वाटायचं कारण नाही. आपल्या मैफलीत बडा ख्याल झाला की ठुमरी येते, नाट्यपद येतं, श्रोत्यांतून चिठ्ठी आली तर अभंग येतो, आणि गायकाला कुणी विचारत नाही की बुवा, तुमचं नेमकं दुकान कोणतं. चीज दुसऱ्यानं बांधलेली आहे म्हणून कुणी नाकही मुरडत नाही. साठच्या दशकानंतरच्या अमेरिकेत मात्र स्वतःचं गाणं स्वतः लिहिणाराच खरा कलावंत, असा समज रुजला. इव्हानं स्वतः लिहिलेली गाणी नगण्य. दुसऱ्यांची गाणी गाणारी म्हणून तिला जरा कमीच लेखलं गेलं.

पण दुसऱ्याच्या गाण्याचं ती काय करते? 'ऑटम लीव्ह्‌ज' घेऊ. जोझेफ कोस्मानं बांधलेली ही चाल जॅझवाल्यांनी इतकी घासली आहे की नवशिके तिच्यावर हात बसवतात. इव्हा ती कमालीची संथ घेते. गिटार बोटांनी छेडते, लोकगीत गाणारे छेडतात तशी, एकसारखी, घडीव, कुठंही न अडखळणारी. आवाज त्या ठेक्याच्या किंचित मागं रेंगाळतो, शब्दाच्या तोंडाशी थांबतो, मग त्याला आत घेतो. बोटं लोकसंगीताची, गळा जॅझचा. आणि दोन्ही एकाच माणसाचं असल्यामुळं आवाज किती मागं पडणार आहे हे बोटांना आधीच ठाऊक असतं. साथीदार कितीही जाणकार असला तरी त्याला गायकाचा अंदाज घ्यावा लागतो. इथं अंदाज घ्यायला दुसरं कुणी नाहीच. पुढं लेनी विल्यम्सचा पियानो येतो तोही या दोघांमधली जागा न विसकटता. लोकसंगीत आणि जॅझ यांचा संगम म्हणून जे काही बाजारात मिळतं, त्यात बहुधा एकाच्या अंगावर दुसऱ्याचा कोट चढवलेला असतो. या गाण्यात तसं काही चढवलेलं नाही.

'फील्ड्स ऑफ गोल्ड' १९९३ चं, म्हणजे तेव्हा जेमतेम तीन वर्षांचं. स्टिंगच्या गाण्यात आठवण सांगणारा पुरुष बराचसा शांत आहे. इव्हा चालीला हातही न लावता वेग उतरवते, वाद्यं कमी करते, आणि गाणं एकाएकी जुनं, कुणाच्याही मालकीचं नसलेलं वाटू लागतं.

आता मृत्यूकडं. १९९३ मध्ये तिच्या अंगावरचा कर्करोगाचा एक तीळ काढला होता. आजार परतलाय आणि पसरलाय हे १९९६ च्या उन्हाळ्यात कळलं. त्याआधी मे महिन्यात अल्बम निघून वॉशिंग्टनच्या आसपास विकला जात होता. २ नोव्हेंबरला ती गेली. म्हणजे ब्लूज ॲलीतली गायिका मरणाच्या छायेत गात नव्हती. तिला सर्दी झाली होती आणि मुद्रणाची धास्ती होती, बस. 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड'मध्ये आपल्याला जो निरोप ऐकू येतो तो नंतर आपण तिथं नेऊन ठेवलेला आहे. सप्टेंबरमध्ये तिच्यासाठी झालेल्या कार्यक्रमात तिनं हेच गाणं शेवटचं म्हटलं, त्यानं तर तो अर्थ पक्काच झाला.

१९९८ मध्ये ब्लिक्स स्ट्रीट या छोट्या कंपनीनं 'साँगबर्ड' हे संकलन काढलं. बीबीसी रेडिओ २ वर निवेदक टेरी वोगननं त्यातली गाणी वाजवली. मग ब्लूज ॲलीतल्याच कार्यक्रमात साध्या हातकॅमेऱ्यानं टिपलेलं 'ओव्हर द रेनबो' ब्रिटिश टीव्हीवर दाखवलं गेलं, आणि मार्च २००१ मध्ये 'साँगबर्ड' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. पुढचे 'इमॅजिन' आणि 'अमेरिकन ट्यून' हे अल्बमही तिथवर गेले. 'साँगबर्ड'मध्ये दहा गाणी आहेत. ब्लूज ॲलीच्या अल्बममधली चार: 'फील्ड्स ऑफ गोल्ड', 'ऑटम लीव्ह्‌ज', 'पीपल गेट रेडी' आणि 'गोल्डन थ्रेड'. 'चीक टू चीक' नाही, 'स्टॉर्मी मंडे' नाही, 'हनीसकल रोझ' नाही, 'टेक मी टू द रिव्हर' नाही. एक काहीतरी निवड, हे जिवंत असताना जिच्या गळी उतरवणं कुणाला जमलं नव्हतं, ती निवड ती गेल्यावर परस्पर झाली. फळी ठरली: हळवी, संथ, जवळजवळ देवदूत. आणि माल खपला.

यावर कुणी म्हणेल, ते संकलन नसतं तर ब्लूज ॲली तुमच्यापर्यंत पोचलं असतं का? नसतं. हे मला नाकारता येत नाही. ज्यानं ते संकलन केलं त्याचा कान उत्तम होता, हेही खरं. आपल्याकडं 'संतवाणी'च्या कॅसेटींमधून भीमसेन जोशी घराघरांत गेले. ते अभंग ऐकणाऱ्यांपैकी कितींनी पुढं त्यांचा दरबारी ऐकला? तरी ती तुलना इथं अपुरी पडते, कारण भीमसेन दोन्ही गायला समोर होते आणि पुढची कित्येक वर्षं गात राहिले. इव्हाला उत्तर द्यायची सोय नव्हती.

तिच्या आवाजाला मग नवनवे शेजारी मिळत गेले. २००७ मध्ये 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड'वर गायिका केटी मेलुआचा आवाज चढवून केलेलं द्वंद्वगीत ब्रिटनमध्ये पहिलं आलं. २०२३ मध्ये यंत्रशिक्षणाच्या मदतीनं तिचा आवाज जुन्या मुद्रणांतून सोडवून लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या साथीनं 'आय कॅन ओन्ली बी मी' आला. काम कसबी आहे, आवाज चकचकीत निघालाय. पण त्यात 'ऑटम लीव्ह्‌ज' आलं की मला अस्वस्थ वाटतं. ज्या रेंगाळण्याला तिचीच बोटं उत्तर देत होती, त्याला आता ऑर्केस्ट्राचे वादक उत्तर देतायत. नम्रपणे देतायत, पण त्यांनी ते रेंगाळणं आधी मोजून घेतलेलं आहे.

तिची जलद गाणी संथ गाण्यांच्या तोडीची आहेत का? सगळी नाहीत. 'फाइन अँड मेलो'मध्ये तिचा आवाज फार धडधाकट आहे. बिली हॉलिडे ते गाणं जवळजवळ बोलते, थकलेली बाई हिशेब सांगते तशी. इव्हा ते गाऊन दाखवते. 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर'मधला चढता शेवट अरीथा फ्रँकलिननं पंचवीस वर्षं आधीच गाठला होता. पण 'हनीसकल रोझ'मध्ये कीथ ग्राइम्सची गिटार आणि तिचा गळा एकमेकांना चिमटे काढतात, 'टेक मी टू द रिव्हर'मध्ये रेस मक्लाउडचा ड्रम तिला ढकलतो आणि ती ढकलून घेते. हे ऐकल्यावर 'टॉल ट्रीज इन जॉर्जिया'मधलं एकटेपण वेगळं लागतं. चौघांच्या गलक्यातून मुद्दाम बाजूला येऊन गायलेलं ते गाणं आहे. संकलनात एकामागून एक संथ गाणी लावली की बाजूला यायला गलकाच उरत नाही.

२०१५ मध्ये त्या रात्रीची सगळी ३१ गाणी 'नाइटबर्ड' या नावानं बाहेर आली. त्यात एलिंग्टनचं 'कॅरव्हॅन' आहे, 'रूट ६६' आहे, 'चेन ऑफ फूल्स' आहे, आणि 'ओव्हर द रेनबो'ही आहे. संच लांबट आहे, मधेच सुस्तावतो. क्लबमधली रात्रही अशीच सुस्तावत असणार. तो ऐकल्यावर १९९६ च्या निवडीशीही माझं थोडं भांडण होतं: 'कॅरव्हॅन' बाहेर ठेवून 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड' आत घ्यायला नको होतं. 'ओव्हर द रेनबो' मात्र वगळलं ते बरोबर केलं. ते १९९२ मध्ये गाऊन झालं होतं, आणि तेव्हा तिच्याकडं म्हणायला दुसरी पुष्कळ गाणी होती.