सव्वीस जानेवारीची वडीलकी

आपल्या राष्ट्रीय दिवसांची गणना करताना पंधरा ऑगस्ट आधी आणि सव्वीस जानेवारी नंतर, असा जो परिपाठ शाळेपासून रूढ झाला आहे, तो राज्यकारभाराच्या इतिहासाला धरून असला तरी त्या तारखांच्या वयाला धरून नाही. कारण राष्ट्रीय दिवस म्हणून सव्वीस जानेवारी ही पंधरा ऑगस्टपेक्षा 17 वर्षांनी वडील आहे. 1929 च्या डिसेंबरअखेर लाहोरला, रावीच्या तीरी, पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनात काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव संमत केला आणि पुढच्याच महिन्यातील अखेरचा रविवार, म्हणजे 26 जानेवारी 1930, हा स्वातंत्र्यदिन म्हणून देशभर पाळला गेला. तो रविवार होता ही गोष्ट क्षुल्लक मानू नये. कचेऱ्यांना सुट्टी असल्यामुळे सभेत उभे राहून प्रतिज्ञा म्हणण्यासाठी सरकारी कारकुनाला निदान रजेचा अर्ज तरी करावा लागला नसेल! त्यानंतरच्या वर्षांत ती तारीख वाराची पर्वा न करता येत राहिली, आणि लाठी व कैद गृहीत धरून माणसे ध्वज उभारीत राहिली.

पंधरा ऑगस्टची कुळकथा याहून अगदी निराळी आहे. सत्तांतरासाठी ॲटलींच्या मंत्रिमंडळाने जून 1948 ची मुदत जाहीर केली होती. ती अलीकडे ओढताना व्हाइसरॉय माउंटबॅटन यांनी जो दिवस मुक्रर केला, तो जपानच्या शरणागतीचा दुसरा वर्धापनदिन असल्यामुळे आपल्या मनात आला, असे त्यांनीच पुढे सांगितले. एका सेनापतीच्या विजयस्मृतीतून आपल्या स्वातंत्र्याची तारीख निघाली, आणि तीही अशा घाईने की रॅडक्लिफ यांचा सीमानिवाडा 17 ऑगस्टला प्रसिद्ध होईपर्यंत, आपण नेमके कोणत्या देशाचे, हे सरहद्दीवरच्या असंख्य कुटुंबांना ठाऊक नव्हते. त्या दिवसाचे माहात्म्य यामुळे रतिमात्र कमी होत नाही. पण तो दिवस आपण निवडलेला नव्हता, एवढे मान्य करावेच लागते.

म्हणूनच घटनासमितीने पुढे जे केले ते मला तिच्या अनेक कलमांइतकेच अर्थपूर्ण वाटते. संविधान 26 नोव्हेंबर 1949 रोजी स्वीकारले गेले आणि नागरिकत्व, निवडणुका यांसंबंधीची काही कलमे त्याच दिवशी अमलातही आली. परंतु उरलेल्या सनदेला दोन महिने थांबवून ठेवण्यात आले, ते त्या लाहोरी तारखेचा मान राखण्यासाठी. घरात धाकट्याचे लग्न आधी उरकले गेले तरी देवापुढचा पहिला विडा थोरल्याच्याच हाती द्यावा, तसे हे झाले. कारभाराच्या दृष्टीने हा विलंब अनावश्यक ठरेल. संस्कृतीच्या दृष्टीने तो अत्यावश्यक होता.

सुट्टीची गोष्ट मात्र वेगळी. महाराष्ट्रात सरकारी राजपत्रातून सार्वजनिक सुट्ट्या जाहीर होतात त्या 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या 25 व्या कलमान्वये, म्हणजे हुंड्या-धनादेशांची देय तारीख ठरविणाऱ्या इंग्रजी अमदानीतील कायद्यान्वये! पेढी उघडी की बंद, एवढीच त्या कायद्याची जिज्ञासा.

आणि एकाच तारखेला सारे राष्ट्र मुक्त झाले, हे तरी कोठे खरे आहे? 15 ऑगस्ट 1947 ला पुण्या-मुंबईत रोषणाई होत असताना स्वामी रामानंद तीर्थ निजामाच्या कैदेत होते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या मराठी मुलखाची सुटका 17 सप्टेंबर 1948 ला झाली. मडगावच्या सभेत 18 जून 1946 रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी ठिणगी टाकली, तरी गोव्याला 19 डिसेंबर 1961 पर्यंत वाट पाहावी लागली. मराठवाड्यात 17 सप्टेंबरला ध्वजवंदन होते. पश्चिम महाराष्ट्रात आणि विदर्भात तो दिवस बहुधा साध्या कामकाजाचा म्हणून उगवतो व मावळतो. ही अनास्था मला अक्षम्य वाटते. नवी सुट्टी कोणी मागू नये, सुट्ट्या आपल्याकडे मुबलक आहेत. परंतु पुण्या-नागपूरच्या शाळांनी त्या दिवशी पहिला तास गणिताकडून उसना घ्यावा आणि निजामी अमलाखालील माणसांनी स्वातंत्र्यासाठी आणखी 13 महिने काय सोसले, ते मुलांना सांगावे.